फाटक्या कानाची बाजू

पेंटरनं मला खोली दिली ती एका प्रश्नाच्या उत्तरावर.

माणदेशातल्या एका बाजाराच्या गावात मी जनावरांची डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. माहेर फलटणचं, आधीची नोकरी पाटणला. म्हणजे ऊस आणि पाऊस दोन्ही पोटभर बघून झालेलं, आणि इथं दोन्हींचा पत्ता नव्हता. कुणीतरी सांगितलं की पेंटरच्या घरात वरची खोली रिकामी आहे. गेले. दारात सत्तरीच्या आसपासचा एक उंच माणूस उभा होता. अंगात रंगानं कडक झालेली बंडी, कानावर ब्रश. त्यानं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही, आणि हे न विचारणारा घरमालक मला तोवर भेटलेला नव्हता.

"बैलाजवळ कुठल्या बाजूनं जाता?" त्यानं विचारलं.

"त्याचा कान वळलेला असेल त्या बाजूनं," मी म्हटलं.

तो आत वळून ओरडला, "अगं, किल्ली आण. ह्या बाईला लाथ बसायची न्हाई."

तेव्हापासून तीन वर्षं मी त्या खोलीत राहिले आणि तीन वर्षं त्या माणसाच्या तोंडी माझं नाव 'डॉक्टरीणबाई' एवढंच राहिलं. त्याचं नाव मी इथं सांगत नाही. गावातही ते कुणी घेत नव्हतं. पेंटर म्हटलं की तोच, आणि बाकीचे जे कोण फ्लेक्स छापायचे त्यांना लोक 'फ्लेक्सवाले' म्हणायचे.

आधी एक सांगते. विक्षिप्त माणसांचं मला कौतुक नाही. बहुतेक विक्षिप्त माणसं नुसती आळशी असतात आणि त्यांच्या बायका दमलेल्या असतात. पेंटर आळशी नव्हता. काकूही दमलेल्या नव्हत्या. त्या फक्त चिडलेल्या असायच्या, आणि तेही मजेत.

हा माणूस बैल काढायचा. फक्त बैल. गाय नाही, म्हैस नाही, घोडा तर नाहीच. तरुणपणी पोटासाठी त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ट्रकच्या पाठी रंगवल्या, भिंतीवर खताच्या जाहिराती काढल्या. पण त्यातसुद्धा बैल शिरायचाच. एका गणेश मंडळानं त्याच्याकडून पडदा रंगवून घेतला, तर त्यातला उंदीर खोंडासारखा छाती काढून उभा. ग्रामपंचायतीनं पाणी वाचवा म्हणून भिंत रंगवायला दिली. हंडे घेतलेल्या पाच बाया त्यानं काढल्या, आणि पाचही जणींचे डोळे खिलारी बैलाचे, काळेभोर, काजळाची कड असलेले, आणि किंचित रागावलेले. सरपंच म्हणाला, "पेंटर, बाया आमच्याकडं अशा का बघत्यात?" पेंटर म्हणाला, "पानी न्हाई म्हणून." ती भिंत अजून तशीच आहे. त्या भिंतीसमोरून जाताना मी स्वतः मान खाली घालून जायचे.

पाट्यांचं काम फ्लेक्सनं खाल्लं तेव्हा इतर पेंटर मुंबईला गेले किंवा गवंडीकामाला लागले. हा म्हणाला, बरं झालं, आता मधे कुणी येत न्हाई. पाट्यांसाठी आणलेले मोठमोठे पत्रे पडून होते, त्यांवर त्यानं ऑइलपेंटनं बैल काढायला घेतले. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत तर त्याच्याकडं रांग लागली होती म्हणतात. बैल पळवायला कुठंच मुभा नव्हती, तेव्हा मालक त्यांना पेंटरच्या पत्र्यावर आणून उभे करायचे. मी आले तेव्हा शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि शर्यतीआधी बैल तपासायचं काम माझ्याकडं होतं. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक एकच झालं.

त्याची कामाची रीत सांगते. आधी तीन दिवस बैलाच्या गोठ्यात जाऊन बसायचं. ब्रश नाही, कागद नाही. पहिल्या दिवशी लांब, दुसऱ्या दिवशी गव्हाणीपाशी, तिसऱ्या दिवशी हात लावायचा. मानेवरून, वशिंडावरून, मांडीवरून, अगदी माझ्यासारखाच, फक्त मी रोग शोधायचे आणि तो काय शोधायचा ते त्यालाच ठाऊक. मग घरी येऊन पत्र्यावर खुरांपासून सुरुवात. चार खूर, त्यावर चार पाय, मग पोट, मग पाठ. तोंड शेवटी. "बैल आदी हुबा ऱ्हायला पायजे," तो म्हणायचा. "पायाखाली जमीन नसली तर त्यो बघणार कशाला?"

काकू यावर तयारच असायच्या. "लगीन झालं तवा मला म्हनलं, तुजं चित्र काढतो. चाळीस वर्सं झाली. अजून माज्या टाचांतच हायती."

"भेगा लय हायत्या," पेंटर म्हणायचा. "येळ लागणारच."

खिलार पांढरा असतो असं तुम्ही-आम्ही म्हणतो. पेंटरकडं पांढऱ्याचे सात डबे होते. झाकणांवर त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात नावं घातली होती : चुना, ताक, राख, ज्वारीचं पीठ, सायीचं दूध, धुतलेली टोपी, न धुतलेली टोपी. पोटाखाली राख, पाठीवर चुना, मानेकडं न धुतलेली टोपी. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "धोतराचा पांढरा नाही का?" तर त्यानं ते खरंच मनावर घेतलं आणि दोन दिवस कुणाकुणाच्या धोतराकडं टक लावून बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "न्हाई. धोतर म्हंजे ताकच."

शर्यतीच्या मैदानावर तो माझ्या गाडीतून यायचा. मी पट्ट्याच्या सुरुवातीला बैल तपासत असायचे, आणि हा गडी सगळं मैदान ओलांडून शेवटच्या टोकाला जायचा. निशाणाच्याही पुढं, जिथं गाडे थांबतात, तिथं धुरळ्यात. शर्यत लागली की लोक बोंबलायचे, टोप्या उडवायचे आणि हा पाठ करून उभा. कोण जिंकलं त्याला कधी कळायचं नाही. बैल थांबले की तो वळायचा. "पळताना बैल कुणालाबी दिसतो," तो म्हणायचा. "थांबल्यावर बगा. तवा त्यो बैल असतो. त्याच्या आदी त्यो गाडा असतो."

माझा धाकटा भाऊ पुण्यात चित्रकला शिकतो. एका सुट्टीत तो माझ्याकडं आला आणि येताना लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. स्पेनमधल्या एका चित्रकाराचं. त्या माणसानं जन्मभर बैलांच्या झुंजी काढल्या होत्या. माणूस आणि बैल, रिंगण, लाल फडकं, धूळ, रक्त. भावाला वाटलं, दोन बैलवाल्यांची गाठ घालून द्यावी. पेंटरनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि चष्मा काढून, डोळे पानाला चिकटवून बघायला लागला. दोन दिवस त्यानं ते परत दिलं नाही. जेवताना पान उघडं. काकूंनी त्यावर वरण सांडू नये म्हणून कागद ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वर आला. "लय मोठा माणूस," तो म्हणाला. "खांदा बगा कसा काडलाय. हाड हाताला लागतंय." मग पान उलटून, "पर बैल एकटाच हाय वो."

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"जोडीदार न्हाई. सगळं पुस्तक बगितलं. एकाबी बैलाच्या खांद्याला दुसरा बैल न्हाई. असा एकटा बैल मी जल्मात बगितला न्हाई. बिचकनारच की त्यो."

भावानं समजावून सांगितलं की तिकडं बैल नांगराला, गाड्याला जुंपायचे म्हणून पाळत नाहीत, झुंजीसाठीच वाढवतात, आणि झुंजीच्या शेवटी त्याला मारतात. पेंटरला हे ठाऊक नव्हतं. चित्रांत रक्त होतं, पण त्याला वाटलं होतं, लागलं असेल. त्यानं पुस्तक मिटलं. "मारायचाच हाय तर एवडा देखणा कशापायी काडायचा?" असं म्हणून तो खाली गेला. काकूंनी वर येऊन माझ्या भावाला सुनावलं, "काय दावलंस रं त्येस्नी? जेवलं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी भाऊ निघाला तेव्हा पेंटर एसटीपर्यंत त्याला सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीला हात लावून म्हणाला, "शाणा हाय त्यो. देखणा काडला म्हणून तर मारणाऱ्याची लाज वाटती. सांग त्येला." तो चित्रकार कधीच वारला आहे हे भावानं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

लाजेवरून आठवलं. गावात एक मोठी असामी होती. बागाईत, दोन गाड्या, मनगटात कडं. त्याचा बैल तालुक्यात गाजलेला. त्यानं पेंटरला घरी नेऊन तीन दिवस पाहुणचार केला, चित्र काढून घेतलं आणि चार माणसं जमवून त्यावरचं कापड बाजूला केलं. बैल जिवंत उभा होता. आणि त्याच्या मागच्या मांडीवर, शेपटीच्या आडोशाला, टोचणीच्या बारीक बारीक खुणा होत्या. वाटाण्याएवढ्या. मोजून काढल्यासारख्या. शर्यतीत खिळा टोचून बैल पळवायला बंदी आहे आणि ते तपासणं माझं काम. मी त्या बैलाला दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा मांडीला हळद-तेल माखलेलं होतं. माझ्या हाताला न लागलेलं पेंटरच्या हाताला लागलं.

"हे पुसायचं," मालक म्हणाला.

"तुमी दिलंय, मी काडलंय," पेंटर म्हणाला. "आदी तुमी पुसा."

त्या माणसानं पत्रा परत पाठवून दिला. पेंटरनं तो आपल्याच दारात, रस्त्याकडं तोंड करून लावून ठेवला. बाजाराच्या दिवशी लोक थांबून बघायचे. पुढच्या शर्यतीला त्या बैलाची मांडी साफ होती. मी खूश होऊन पेंटरला म्हटलं की तुमचं चित्र नाकारलं तरी काम झालं. तो एकदम ताठ झाला. "चित्र न्हाकारलं. बैल न्हाई न्हाकारला. 'ह्यो माजा बैल न्हवं' असं म्हनला का त्यो? आजवर एकानं म्हनल्यालं न्हाई." ही त्याची खरी मिजास होती. चित्र चांगलं की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मालकानं बघावं आणि आपला बैल ओळखावा, एवढंच. आणि याच मिजाशीला धक्का लागला तो माझ्यामुळे. ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

गावापासून चार-पाच मैलांवर माळावर एक वस्ती आहे. तिथं एक म्हातारी आणि तिची सून राहतात. म्हातारीचा मुलगा फौजेत हवालदार, वर्षातून एकदा घरी येणारा. पूर्वी त्यांच्याकडं मेंढरं होती, आता थोडी ज्वारी, थोडं डाळिंब आणि दावणीला एक खिलार जोडी. जोडीतला डावीकडचा बैल म्हातारीनं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता, कारण त्याची आई व्याल्यावर लगेच गेली होती. लहानपणी कुत्र्यानं धरल्यामुळे त्याचा एक कान फाटलेला होता. लम्पीची, अंगावर गाठी उठवणारी साथ आली आणि तिनं दोन्ही बैल धरले. मी अकरा दिवस रोज त्या वस्तीवर गेले. जोडीदार उठला, हा उठला नाही. बाराव्या दिवशी म्हातारीनं मलाच चहा करून दिला आणि म्हणाली, "तू तरी काय करशील पोरी." मला फार वाईट वाटलं. मी गाडीत बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बेंदूर महिन्यावर आला होता. त्या दिवशी आमच्या भागात बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, ओवाळून पुरणपोळी देतात. म्हातारी म्हणाली, "मोकळी दावण ओवाळू कशी? पेंटरकडनं त्याचं चित्र तरी काडून दे. त्याच्या जाग्याला लावते."

पेंटरनं तो बैल कधी पाहिलेला नव्हता. "मेलेला बैल मी काडत न्हाई," तो म्हणाला. "हात कशाला लावू? फोटूला?" फोटोवरून त्यानं उभ्या आयुष्यात बैल काढला नव्हता. मी आठवडाभर त्याच्या मागं लागले. म्हातारीचं सांगितलं, चहाचं सांगितलं. शेवटी, मी अपयशी ठरले आहे, तुम्ही तरी ठरू नका, असलं काहीतरी नाटकी बोलले. ते त्याला लागलं असावं. सुनेच्या मोबाईलमध्ये एकच धड फोटो होता. बैलापुढं उभं राहून तिनं नवऱ्याला पाठवायला स्वतःच काढलेला सेल्फी, मागं बैलाचं समोरून तोंड, छाती, पाय, सगळं लख्ख. तो मी मोठा करून आणला. पेंटरनं त्यावरून खूर काढले, पाय काढले, छाती काढली, समोर बघणारं तोंड काढलं, फाटका कान काढला. कपाळावरचा केसांचा भोवरा त्यानं नेहमीप्रमाणे अंगठ्यानं फिरवून उठवला. मला ते त्याचं सगळ्यांत देखणं काम वाटलं. आजही वाटतं.

बेंदराच्या दिवशी टेम्पोत पत्रा घालून आम्ही वस्तीवर गेलो. पेंटर पुढं बसला होता, धुतलेली टोपी घालून. गोठ्यात जोडीदार रंगवून सजवून उभा होता आणि शेजारची जागा शेणानं सारवून ठेवली होती. पत्रा तिथं उभा केला. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे पाचपंचवीस लोक जमले होते, सगळे 'आगं बया' करत राहिले. म्हातारी ताट घेऊन पुढं आली. ओवाळायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. तिनं बराच वेळ बघितलं.

"पेंटर," ती म्हणाली, "बैल लय चांगला हाय. पर ह्यो आमचा न्हाई."

सून पुढं झाली, "आवं आत्ती, असं काय? कान बगा की. फाटका हाय."

"हाय की. पर त्यो ह्या हाताला आलाय." तिनं डावा हात वर केला. "मी रोज त्येला भाकरी दिली ती ह्या हातानं." आता उजवा. "भाकरी देताना फाटका कान ह्या हाताला लागायचा. आट वर्सं लागायचा. ह्यो पलीकडला कुनाचा तरी बैल हाय बाबा." आणि ती ताट घेऊन जोडीदाराकडं गेली. त्याला ओवाळलं, पोळी दिली. चित्राला ओवाळलं नाही.

मी फोटो मोबाईलवर पुन्हा उघडला. बैलाच्या मागं पेंडीचं पोतं होतं, त्यावरची अक्षरं उलटी होती. सुनेचा पदर उजव्या खांद्यावर होता. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं आरशासारखा उलटा फोटो काढून ठेवला होता. मी बाई असून, रोज साडी नेसत असून, मला तो पदर दिसला नाही. मी पेंटरला तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं, की चूक फोटोची आहे, माझी आहे, तुमची नाही.

"पदर तुमी बगायचा," तो म्हणाला. "बैल मी बगायचा हुता. खोटा डोळा वापरला, खोटा बैल निघाला." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यानं सातही डब्यांची झाकणं घट्ट ठोकून बसवली आणि ते माळ्यावर टाकले. काकू त्याच्याशी भांडल्या, मी हात जोडले. "संपलं ते," तो म्हणायचा. "एका म्हातारीला कळलं, मला न्हाई कळलं. मग कशाला करायचं?" दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. बाजाराला आलेले बैल समोरून जायचे, तो मान फिरवायचा. शर्यतीचा बैल एकाएकी वैरण सोडून उभा राहतो तेव्हा आम्ही डॉक्टर घाबरतो. मी तशीच घाबरले होते. एखाद्याचा जीव कशात आहे हे मला ठाऊक होतं आणि ते त्याच्याकडून मीच काढून घेतलं होतं.

दहा-बारा दिवस असे गेले. एका सकाळी मी लसीकरणाला निघाले तर पेंटर गाडीत आधीच बसलेला. "वस्तीवर घ्या," म्हणाला.

म्हातारी गोठ्यात होती. तो सरळ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "आक्का," तो म्हणाला, "माज्या हातात त्यो बैल न्हाई. तुमच्या हातात हाय. मला बगू द्या."

"कसा बगणार?" ती म्हणाली.

पेंटरनं टोपी काढून खुंटीला अडकवली. गव्हाणीच्या पलीकडं, त्या सारवलेल्या रिकाम्या जागेत गेला, जोडीदाराच्या शेजारी, आणि मान खाली घालून गव्हाणीवर वाकला. गुडघे दुखत होते त्याचे, मला दिसत होतं. "मी त्योच हाय असं समजा," तो म्हणाला. "आन सांगा."

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं. म्हातारी हसली नाही. तिनं हात पदराला पुसले, पुढं आली आणि उजव्या हातानं पेंटरचा डावा कान धरला.

"ह्यो त्यो कान," ती म्हणाली. "हितनं हितपातूर फाटका. कड मऊ हुती, आतल्या अंगाला वळल्याली." मग हात कपाळावर. "हितं भवरा. अगदी मदी न्हाई, ह्या आंगाला. केस आसं फिरायचं." तिनं पेंटरच्या कपाळावर बोट फिरवलं. "हितं गोचीड धरायची, खाजवलं की डोळं मिटायचा." पेंटरनं डोळे मिटले. "मान लय जड. भाकरी दिली की वाकडी करायचा, हिकडं. आवं हिकडं न्हवं, हिकडं!" तिनं त्याची मान धरून वळवली. "डावा डोळा वाईच बारीक. पानी यायचं त्यातनं सारकं." जोडीदार बैलानं एव्हाना पेंटरच्या सदऱ्याला हुंगायला सुरुवात केली होती आणि कुणी त्याला हाकलत नव्हतं.

अर्धा तास तरी हे चाललं असेल. म्हातारी सांगत होती, तिचे हात सांगत होते, आणि माझं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. मधेच ती म्हणाली, "आजारात हितं गाठी आल्या हुत्या." आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर थांबला. पेंटर वाकलेलाच, म्हणाला, "त्या काडायच्या का, आक्का?" ती म्हणाली, "नगं. त्या त्याच्या न्हाईत."

घरी येताना तो गाडीत दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसला होता, त्यातलं काहीतरी सांडेल अशा बेतानं. घरात शिरला, माळ्यावरून डबे काढले. त्यानंतरचे आठ दिवस काकूंनी मला वरचा नळ वाजवू दिला नाही.

नवा पत्रा आम्ही एका साध्या मंगळवारी नेला. या वेळी कुणाला बोलावलं नव्हतं. सून शेतात होती. टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून पत्रा गव्हाणीपाशी उभा केला, आणि पेंटर त्याच्या कडेला, टोपी हातात धरून उभा राहिला. इतकी वर्षं बैल काढणारा माणूस, पण त्याच्या तोंडावर मी परीक्षेला बसलेल्या पोराची कळा बघितली. म्हातारी कडब्याची पेंढी बगलेत मारून मागच्या दारानं गोठ्यात आली. आम्ही आलोय हे तिला कळलंच नव्हतं. ती नेहमीच्या सवयीनं जोडीदारापुढं वैरण टाकायला निघाली. वाट अरुंद, त्यात पत्रा आडवा आलेला. तिनं वरही न बघता उजव्या हाताची चापट पत्र्यावर मारली.

"सर की रं मागं, मुडद्या," ती म्हणाली. "पायावर पाय देतोस."

मग तिनं वर बघितलं आणि तिच्या बगलेतली पेंढी खाली पडली.

पत्र्यावरचा बैल कुठं सरतोय. पेंटर मात्र दोन पावलं मागं सरला होता.